स्पॅनिश न बोलणारे सर

आमचे स्पॅनिशचे सर स्पॅनिश बोलत नसत.

हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, मग ते शिकवायचे तरी काय? शिकवायचे क्रियापदं. क्रियापदाचं एक रूप घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे आणि बोलताना कोणत्या तुकड्यावर जोर येतो ते सांगायचं. तुकडे पाडण्याला सर ‘फोड’ म्हणत आणि जोराला ‘वजन’. रायपूरच्या समता कॉलनीत एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, त्याच्या वरच्या मजल्यावर सर आणि काकू राहत. पुढच्या खोलीत वर्ग, मागं स्वयंपाकघर. दारावर सरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: ‘स्पॅनिश. फोड व वजन. बोलणे नाही.’ ती वाचून निम्मे लोक दारातूनच परत जात. सरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

मी परत गेले नाही, कारण मला गरज होती. अमरावतीहून नोकरीसाठी रायपूरला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. शहराबाहेर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी खरेदी विभागात होते. मिल स्पेनहून एक मोठं यंत्र आणणार अशी कुणकुण लागली होती आणि चार शब्द येत असले तर आपण साहेबलोकांच्या नजरेत भरू, असा माझा साधा स्वार्थ होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी विचारलं, “सर, ‘तुमचं नाव काय’ हे स्पॅनिशमध्ये कसं विचारायचं?”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “काहून? तुझं नाव मले माहीत आहे, माझं तुले माहीत आहे. विचारायचं कोणाले?”

मी वही उघडली.

पहिलं रूप होतं आब्लामोस. अर्थ, ‘आम्ही बोलतो’. न बोलणाऱ्या वर्गाचा पहिला शब्द हा असावा, यातली गंमत सरांच्या कधी ध्यानात आली असेल असं मला वाटत नाही. मी त्याची फोड केली, आब, ला, मोस. सरांनी हातातला चमचा समोरच्या स्टीलच्या पेल्यावर आपटला. “ब आन् ल ही जोडी आहे. नवराबायको गाडीत बसले तर एकाले एका डब्यात आन् दुसरीले दुसऱ्या डब्यात बसवशील काय?” मग त्यांनी स्वतः फोड करून दाखवली. आ, ब्ला, मोस. पेल्यावर तीन ठोके, पहिला हलका, मधला खणखणीत, शेवटचा पुन्हा हलका. मधला ठोका मारताना ते भुवया उंचावून माझ्याकडे बघत होते, जणू तो मी ऐकला नसता तर त्यांचा दिवस वाया गेला असता.

ठोक्यांचं हे वेड नोकरीतून आलेलं. सर मूळचे वर्ध्याकडचे, पण वडील रेल्वेत असल्यामुळे जन्म रायपूरचा आणि पुढं स्वतःही रेल्वेत. मालगाडीच्या डब्यांची दुरुस्ती होते तिथं चाकं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. हातोडीनं चाकावर ठोका मारायचा आणि कान देऊन ऐकायचं. शाबूत चाक खणखणतं, तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. एकदा तिथं स्पेनहून एक यंत्र आलं, त्यासोबत एक जाडजूड पुस्तक आलं. कुणाला त्यातलं अक्षर कळेना. साहेब म्हणाले, टाका रद्दीत. सरांनी ते घरी आणलं आणि नागपूरला गेले असताना फुटपाथवरून स्पॅनिश क्रियापदांच्या कोष्टकांचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं. यंत्राचं पुस्तक शब्दांचे अर्थ लावण्यापुरतं उरलं. सर कोष्टकांत शिरले ते तीस वर्षं बाहेर आलेच नाहीत.

त्यांना त्यात एवढं काय दिसलं, असा प्रश्न मलाही पडायचा. एकदा त्यांनी सांगितलं. “आपल्या बोलण्यात वजन कुठी पडते हे कोणी लिहून ठेवलं आहे काय? जो तो आपल्या मनानं. इथं बघ, लिहून ठेवलं आहे.” नियम खरंच दोनच होते. शब्द स्वरानं, न नं किंवा स नं संपत असेल तर वजन शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसऱ्या कशानं संपत असेल तर शेवटच्या तुकड्यावर. आणि ज्या शब्दाला हे मान्य नसेल, त्यानं ज्या स्वरावर वजन हवं त्याच्या डोक्यावर एक तिरपी रेघ घेऊन फिरायचं. “नियम मोडायचा तर मोडा, पण अर्ज लिहून द्या. ही रेघ म्हणजे अर्ज. आपल्याकडे लोक अर्जच देत नाहीत.”

आम्ही सात जण होतो. त्यातले पाच मराठी घरातले, पण मराठी नुसतं समजणारे. सर मराठीत विचारत आणि पोरं हिंदीत उत्तर देत. “वजन कुठी?” “सर, सेकंड लास्ट पे.” “कायले?” “एन पे खतम हो रहा है ना.” सरांना हे चालत असे. त्यांना भाषा कोणतीही चाले, ठोका चुकलेला चालत नसे. चुकला की ते चमचा खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसत. रागावत नसत, नुसते बसत. ते बसणं इतकं जिव्हारी लागायचं की बँकेत नोकरीला असलेला एक चांगला थोराड माणूस एकदा रडकुंडीला आला होता. मला सरांचा हा स्वभाव आवडला नाही, अजूनही आवडत नाही.

कधीकधी ते आम्हाला जिन्यावर नेत. एका पायरीवर एक तुकडा, आणि वजनाच्या तुकड्याला पाय आपटायचा. ते-नी-आ, म्हणजे ‘माझ्याकडे होतं’, त्यातल्या नी वर धाडकन. खाली दातांच्या खुर्चीत पडलेला पेशंट घाबरून विचारायचा, “डॉक्टरसाब, ऊपर क्या हो रहा है?” डॉक्टर शांतपणे सांगायचे, “भूतकाल चल रहा है.” डॉक्टर सरांना भाऊ मानत, म्हणून निभावलं.

बाहेरही त्यांची फोड थांबत नसे. लग्नपत्रिका आली की नवऱ्यामुलाच्या नावावर लाल पेन्सिलीनं रेघा. गुढियारीच्या बाजारात एक बाई भाजी विकायची. तिच्या हाकेतलं वजन दर वेळी नेमकं एकाच जागी पडतं म्हणून सर तिच्याकडूनच भाजी घेत, मग ती शिळी का असेना. काकू म्हणायच्या, “भाजी कानानं घेतात, मंग तोंडानं काहून खाववत नाही?”

असा हा माणूस एकदा मात्र खरा चिडला. वर्गातल्या एका मुलानं मोबाइल काढला आणि त्यातल्या बाईला स्पॅनिश बोलायला लावलं. “सर, सुनिए ना, असली वाली ऐसे बोलती है.” सरांनी ताडकन उठून खिडकी बंद केली, जणू तो आवाज बाहेरून येत होता. “बंद कर. ऐकून माणूस नक्कल शिकते. मले नक्कल नको, नियम पाहिजे.” एवढ्याशा गोष्टीला एवढं?

त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी कपबशा आत न्यायच्या निमित्तानं काकूंकडे गेले. काकू कढीपत्ता निवडत होत्या.

“काकू, सर कधीच का बोलत नाहीत हो? इतकं येतं त्यांना.”

“भेतात,” काकू म्हणाल्या.

“कशाला?”

“तीस वर्षं केलं ना एवढं. उद्या त्या देशाचा खरा माणूस समोर आला आन् म्हणाला, हे काय बोलून राहिले, मले तर समजलं नाही, तर? तीस वर्षं पाण्यात. त्याच्यापेक्षा तोंड बंद ठेवलेलं बरं.” काकूंनी एक किडकं पान बाजूला टाकलं. “एक डाव स्टेशनवर गोरं जोडपं दिसलं. त्यांच्या हातातल्या पुस्तकावरून यांनी ओळखलं का तिकडचेच आहेत. मी म्हटलं, जा, बोला. तर हे मले तिथंच सोडून दुसऱ्या पुलावरून घरी आले. मी सामान घेऊन मागून आली एकटी.”

मी हसले, पण घरी जाताना मला हसू येईना. ज्या गोष्टीवर माणसानं आयुष्य लावलं ती खरी आहे की खोटी, हे त्याला कळू नये आणि कळून घ्यायची हिंमतही होऊ नये. त्या दिवसापासून मी सरांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

पुढच्या थंडीत मिलमध्ये यंत्र आलं. ते बसवायला स्पेनहून एक मिस्त्री आला, साठीकडे झुकलेला, पिळदार हातांचा. मजूर त्याला पहिल्याच दिवशी ‘स्पेन भैया’ म्हणायला लागले. त्याला इंग्रजी फार तर नमस्कारापुरतं येत होतं. दुभाषा म्हणून जो मुलगा ठरला होता, त्याला नेमका टायफॉइड झाला. मोबाइल पुढं केला तर मिलच्या खडखडाटात मोबाइलला काही ऐकू येईना. मॅनेजरांनी मला बोलावलं.

“मैडम, आप तो सीख रही थीं ना स्पॅनिश?”

दीड वर्षात मी चारशे क्रियापदांची फोड शिकले होते आणि पाणी कसं मागायचं ते मला येत नव्हतं. मी खरं सांगून टाकलं आणि सरांबद्दलही सांगितलं.

“तो बुला लीजिए उनको,” मॅनेजर म्हणाले. त्यांना काय माहीत.

संध्याकाळी मी सरांसमोर विषय काढला. ते पेन्सिलीला टोक करत होते. “मी बोलत नाही. पाटी वाचली नाही काय?” काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, “सर, यंत्र क्रेननं उचलून बसवायचं आहे. सगळं ओरडून सांगावं लागतं. तो काय ओरडतो ते कुणाला कळत नाही. आणि खाली माणसं उभी असतात.”

सरांचा हात थांबला. चाकं तपासणाऱ्याला ‘खाली माणसं असतात’ म्हणजे काय हे दुसऱ्यानं समजावून सांगावं लागत नाही.

“कोणती क्रियापदं लागतील?” त्यांनी विचारलं.

“उचला. खाली घ्या. सैल करा. आवळा. थांबा.”

त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. ले-वान-तेन. बा-हेन. आ-फ्लो-हेन. आ-प्र्ये-तेन. पा-रेन. लिहून झाल्यावर एकदा वरून खाली बोट फिरवलं. “सगळे आज्ञार्थ. सगळे न नं संपतात. वजन शेवटून दुसऱ्यावर. कठीण काही नाही.” काकूंनी न सांगताच कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उरल्याला पोचेपर्यंत सर रिक्षात कागदावरचे शब्द बोटानं मांडीवर ठोकत होते. मिलच्या दारात त्यांना पिवळं हेल्मेट दिलं, ते त्यांना जरा मोठं होत होतं. स्पेन भैया समोर आला. सरांनी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती भाषा दुसऱ्या माणसासाठी उच्चारली. ब्वे, नोस, दी, आस. वे, नी, मोस, आ, आ, यु, दार. नमस्कार, आम्ही मदतीला आलो आहोत. प्रत्येक तुकडा सुटा, प्रत्येक वजन जागच्या जागी.

स्पेन भैयाचा चेहरा उजळला. त्याला कळलं होतं. मी श्वास सोडणार तेवढ्यात त्यानं सरांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला सुरुवात केली. तो जे बोलला त्यात कुठं तुकडा नव्हता, कुठं फट नव्हती, शब्दही एकात एक मिसळलेले. पंधरावीस सेकंदं तो बोलला असेल. मी सरांकडे बघितलं. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. ते नुसती मान हलवत होते. मीच त्यांना इथं आणलं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पहिले दोन दिवस तरीही निभावले. कामापुरते पाचसहा शब्द लागत आणि ते सरांनी मजुरांकडून घोटून घेतले. छत्तीसगढी पोरं हुशार, दुपारपर्यंत “आफ्लोहेन” ओरडायला लागली. दोन शब्दांच्या मध्ये स्पेन भैया जे काही बोलायचा त्यावर सर मान हलवायचे. जेवणाच्या सुट्टीत ते एका लोखंडी पेटीवर एकटेच बसत. मी डबा उघडून पुढं केला तर म्हणाले, “भूक नाही.”

तिसऱ्या दिवशी यंत्राचा मुख्य भाग उचलला. क्रेनला टांगलेलं ते धूड डोक्यावर दोन पुरुष उंचीवर होतं आणि जागा दाखवायला दोन मजूर खाली उभे होते. स्पेन भैया अचानक ओरडला. या वेळी पाठ केलेल्या शब्दांतला एकही नव्हता. एक लांबलचक वाक्य, घाईघाईचं, हातवारे करत. क्रेनवाल्यानं सरांकडे बघितलं. मजुरांनी बघितलं. मॅनेजर म्हणाले, “क्या बोल रहा है? नीचे लेना है ना? बोलिए अंकल, नीचे?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. यंत्र खालीच घ्यायचं होतं, दहातल्या नऊ वेळा तोच अर्थ निघाला असता, आणि सरांची अब्रूही राहिली असती. मला ठाऊक आहे, मी असते तर ‘हो’ म्हटलं असतं.

सरांनी दोन्ही हात वर केले आणि छातीतून ओरडले, “पा-रेन!” क्रेन जागच्या जागी थांबली. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मले समजलं नाही.” तेच हिंदीत म्हणाले. आणि मग स्पेन भैयाकडे वळून त्याच्या भाषेत, “नो एन्-त्येन्-दो.” जे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागेल म्हणून हा माणूस तीस वर्षं लपून राहिला होता, ते तो स्वतः, शंभर माणसांसमोर बोलला.

“का होगे?” एका मजुरानं दुसऱ्याला विचारलं. “मास्टरजी ला समझ नइ आइस,” दुसरा म्हणाला. मॅनेजर कपाळाला हात लावून उभे होते.

सर स्पेन भैयाजवळ गेले. आता तिथं पेला नव्हता, चमचा नव्हता. त्यांनी मूठ मिटली आणि स्वतःच्याच डोक्यावरच्या हेल्मेटवर टक् टक् टक् ठोकून दाखवलं. असं सांग. तुकड्यातुकड्यानं. मला वाटलं, आता हा चिडेल. पण त्यानं आपली मूठ उचलली आणि आपल्या हेल्मेटवर ठोकत सांगायला लागला. ला, का, दे, ना. एस, ता, माल. ‘ता’वर त्यानं ठोका जोरात मारला.

“साखळी,” सर म्हणाले. “साखळी बरोबर नाही. चेन गलत बैठी है, आदमी हटाओ.”

माणसं हटली. वर चढून बघितलं तर साखळीची एक कडी आकड्याच्या पार टोकाला आली होती. मॅनेजरांनी ती बघितली, खाली आले, सरांसमोर उभे राहिले आणि त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. मला रडू आलं. मी रुमाल काढला आणि धुळीचं निमित्त केलं, उरल्यात ते नेहमी चालतं.

त्यानंतरचे आठ दिवस ती दोन म्हातारी माणसं एकमेकांसमोर उभी राहून आपापल्या हेल्मेटवर ठोकत बोलत होती. काम झालं तरी ठोकत बसत. स्पेन भैयानं असंच ठोकत सांगितलं की त्याच्या गावच्या शाळेत एक बाई होत्या, त्या मुलांकडून टाळ्या वाजवून शब्दांची फोड करून घेत, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत कुणी त्याच्याशी असं बोललं नव्हतं. सरांनी मला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलाचं हसू होतं.

यंत्र सुरू झालं, स्पेन भैया गेला. मला वाटलं होतं, सर आता हवेत असतील. पण परतताना रिक्षात, भनपुरीच्या आसपास म्हणाले, “चाकं सारी शाबूत निघाली, पोरी. पण गाडी चालते कशी, हे मी पाह्यलंच नाही कधी.”

पुढचा आठवडाभर वर्ग बंद होता. मी धास्तावले. आठव्या दिवशी निरोप आला, सगळ्यांनी या. गेलो तर दारावरच्या पाटीतले शेवटचे दोन शब्द खरवडून काढलेले. सर नेहमीच्या जागी नव्हते, आमच्यासोबत सतरंजीवर बसले होते.

“मी तुमाले अर्धंच शिकवलं,” ते म्हणाले. “राहिलेलं अर्धं मलेच येत नाही. ज्याले जायचं असेल त्यानं जावं, राग नाही. ज्याले थांबायचं असेल त्यानं माझ्यासोबत शिकावं.” आणि ज्या मुलावर ते चिडले होते, त्याच्यापुढं त्यांनी नवाकोरा मोबाइल धरला. “हे चालू कसं करतात, सांग बेटा.”

माझे कितीतरी शिक्षक झाले. आपल्याला येत नाही हे सत्तरी ओलांडल्यावर विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून सांगणारा दुसरा मला भेटला नाही. दोन मुलं सोडून गेली. बाकीचे आम्ही राहिलो आणि मोबाइलमधल्या बाईचं बोलणं ऐकत राहिलो. पहिले दोन महिने सरांना आमच्याहून कमी कळायचं. ते कान पुढं करून, कपाळाला आठ्या घालून ऐकत, आणि एखादा शब्द त्या गर्दीतून ओळखू आला की मांडीवर थाप मारत.

मग स्पेन भैयाचे फोन सुरू झाले. दर रविवारी दुपारी. सुरुवातीला पाच मिनिटं, त्यातली चार ‘पुन्हा सांगा’ म्हणण्यात जायची. माझी नाशिकला बदली ठरली, त्याच्या आधीच्या रविवारी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा फोन चालू होता. सरांनी मला हातानंच बस म्हटलं. काकू शेजारी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

सर सांगत होते ते मला कळत होतं. काकू लग्न होऊन आल्या त्या वर्षीची गोष्ट होती. काकूंनी पापड केले, गच्चीवर वाळत घालायला कागद मिळेना, म्हणून सरांच्या कामाच्या वहीची पानं फाडून त्यावर घातले. सर दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चाकांचा तपास वाचून दाखवायला उभे राहिले तर वहीत पानं नाहीत. साहेबांनी विचारलं, तपास कुठं आहे? सर म्हणाले, वाळतो आहे. हे सांगताना सर हसत होते, हात हलवत होते, मध्येच काकूंकडे बघत होते. शब्द एकात एक शिरत होते. फोड कुठं राहिली नव्हती. आणि दीड वर्ष त्यांच्या पेल्यासमोर बसलेल्या माझ्या कानांना ऐकू येत होतं, की वजन चुकत होतं. एकदा चुकलं. पुन्हा चुकलं. मी मोजत गेले, चार ठिकाणी. सरांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना गोष्ट सांगायची घाई झाली होती.

पलीकडून हसणं ऐकू आलं. मोठं, ठसका लागेपर्यंतचं, आणि नेमकं ‘वाळतो आहे’च्या पुढं.

काकू माझ्याकडे वाकल्या आणि हळूच विचारलं, “बरोबर बोलून राहिले ना हे?”

“हो काकू,” मी म्हटलं. “एकदम बरोबर.”